महिपतीचा मोजा आणि आमचं पिळणारं यंत्र

तळेगाव,
मंगळवार, जेवणाआधी

आदरणीय शहनाज आपास,

धाकट्या युनूसचा सलाम, आणि दुल्हाभाईंना वेगळा, वाकून सलाम (वाकणं सध्या मनातल्या मनात, कारण उजवा घोटा प्लास्टरमध्ये आहे आणि एकदा वाकलो की मला पुन्हा उभं करायला तुझ्या भावजयीला, शहिस्ताला, हातातलं काम टाकून यावं लागतं). तुझी दाढ कशी आहे? नदीचं पाणी तुमच्या गल्लीपर्यंत आलं होतं असं ऐकलं, ते उतरलं का? सर्वजण खुशाल असाल अशी आशा करतो. असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. आशा करण्यात माझा हात किती आखडता आहे ते तुला ठाऊकच आहे. अम्मी म्हणायची, सगळी पोरं जन्मल्याबरोबर रडतात, यानं आधी उसासा टाकला. फोनवरही मी नुसते उसासेच टाकतो अशी तुझी तक्रार आहे, म्हणून पत्र लिहितोय. शहिस्ता तुझ्याकडे यायला निघालीच आहे, तिच्याच हाती देतो.

घोट्याचं काय झालं ते सांगायचं तर आधी नोकरीबद्दल सांगावं लागेल, आणि ते जरा लांबेल. तू अजून सगळ्यांना सांगतेस की युनूस रबराच्या कंपनीत आहे. आपा, रबराची कंपनी मला मागे टाकून केव्हाच निघून गेली. मी आता लोणावळ्याला जातो, रेल्वे लाइनीच्या कडेला, चिक्कीच्या एका कारखान्याच्या माडीवर. खाली गूळ उकळतो आणि वर आम्ही मोजे करतो. हे मोजे तळपायाचे नव्हेत. ज्याचा पाय गुडघ्याखाली कापलेला असतो, त्याच्या उरलेल्या पायावर चढवायचा हा जाड, मऊ, पारदर्शक मोजा. त्याच्यावर नकली पाय बसतो. मोजा चांगला तर पाय चांगला. मोजा वाईट असेल तर लाखाचा पायसुद्धा कोपऱ्यात उभा राहतो आणि माणूस कुबड्या घेतो.

आता मोजा वाईट कसा होतो? माणूस नुसता उभा राहिला तर वजन सरळ खाली दाबतं. तो दाब कुठलीही उशी सोसते. पण चालताना, त्यातही चढउतारावर, आतलं हाड एकीकडे सरकतं, बाहेरचा पाय दुसरीकडे, आणि मधल्या मोज्याची आडवी ओढाताण होते. दोन तळहातांमध्ये जेलीचा तुकडा धर आणि वरचा हात हळूच पुढे सरकव. तुकडा तिरका होईल. हात मागे आणलास की सरळ होईल. हा तुकडा अशी तिरकी ओढ किती सोसतो, परत सरळ किती होतो आणि व्हायला आळस किती करतो, हे मोजण्याचा मला पगार मिळतो. (असली नोकरी जगात असते हे पन्नाशी गाठेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. खालचे चिक्कीवाले तर अजून मानत नाहीत. त्यांच्या मते मी वर जाऊन झोपतो.)

मोजणाऱ्या यंत्राला रिओमीटर म्हणतात. खाली एक चकती, वर एक चकती, मध्ये रुपयाएवढा मऊ तुकडा. वरची चकती हवेच्या थरावर तरंगते आणि तुकड्याला पिळते, एकदा इकडे, एकदा तिकडे, इतकं हळू की डोळ्यांना कळत नाही. असल्या मऊ पॉलिमरचा (शाळेत आपण याला बहुवारिक म्हणायचो आणि त्याचा अर्थ आपल्या गुरुजींनाही माहीत नव्हता) स्वभाव दुहेरी असतो. अर्धा रबराचा, अर्धा मधाचा. रबराची बाजू म्हणते, मी परत जागेवर येणार. मधाची बाजू म्हणते, कशाला, वाहून जाऊ. यंत्र दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजून देतं. लहान पीळ दिला तर रबर वरचढ असतं. पीळ वाढवत नेला की एका टप्प्यावर मध वरचढ होतो, आणि मग तो तुकडा सावरण्यापलीकडे जातो. तो टप्पा शोधायचा, हे माझं काम. दिवसभर बसून एखादी गोष्ट कधी हात टेकते याची वाट पाहायची. विहंगसर म्हणतात, काका, या कामासाठी तुमच्यासारखा माणूस शोधून सापडला नसता.

विहंगसर म्हणजे आमचे मालक. वयानं माझ्या मुलाएवढे, बाहेर शिकून आलेले, आणि आशेनं इतके भरलेले की त्यांच्या शेजारी बसलं की मला थकवा येतो. यंत्र नवीन आलं तेव्हा त्याच्या आलेखावर अधूनमधून उंटाच्या पाठीसारखे उंचवटे यायला लागले. मी म्हटलं, यंत्र खराब आहे, परत करा. विहंगसर म्हणाले, काका, हा आपल्या पॉलिमरचा नवीन गुणधर्म आहे. त्यांनी पुण्याहून एका प्राध्यापकांना बोलावलं. प्राध्यापक यंत्रासमोर खुर्ची टाकून बसले आणि नेमका एकही उंचवटा येईना. विहंगसर घामाघूम. शेवटी प्राध्यापक उठायला आणि खिडकीची काच थरथरायला एकच गाठ पडली, आलेखावर उंट उभा राहिला, आणि त्या थोर माणसानं शांतपणे विचारलं की इथून रूळ किती लांब आहेत. घाट चढून आलेली मालगाडी होती ती, मागून ढकलणाऱ्या इंजिनांसकट. प्राध्यापकांनी खालून शेंगदाण्याची चिक्की घेतली आणि आले तसे पुण्याला परत गेले. मग हमाल लावून एक काळी फरशी माडीवर चढवली, यंत्र तिच्यावर बसवलं, तेव्हा उंट बसले. तरी खाली गुळाची कढई पेटली की आमची जमीन तापते आणि जमीन तापली की तुकडा मऊ पडतो, म्हणून खरी मोजणी चिक्कीवाल्यांच्या जेवणाच्या सुट्टीत करायची. ते पोटभर जेवतात आणि मी उपाशीपोटी विज्ञान करतो. पावसाळ्यात वेगळंच. लोणावळ्याचं धुकं खिडकी लावली तरी भिंतीतून येतं. माझ्या चपलांना तिथं बुरशी येते आणि मोज्याचे तुकडे हवेतलं पाणी पिऊन फुगून बसतात.

तर या सगळ्यातून मला एक गोष्ट दिसली. कोरड्या, थंड मोज्याला काही होत नाही. पण तोच मोजा घामानं ओला करून, अंगाच्या उबेइतका तापवून बराच वेळ मोठा पीळ देत राहिलं की मधाची बाजू वर येते. नंतर त्याला विश्रांती दिली, रात्रभर दिली, तरी रबराची बाजू पहिल्या जागी येत नाही. मोजा थकतो आणि थकलेलाच राहतो. मी हे विहंगसरांना सांगितलं. त्यांनी आलेख पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं आणि फार मायेनं म्हणाले की काका, यंत्र तुमच्या हाताखाली राहून तुमच्यासारखं झालंय. आपण खऱ्या माणसाला विचारू.

खरा माणूस म्हणजे लोहगडवाडीचा महिपती. गडाच्या पायथ्याला त्याचं भजी आणि पिठलं-भाकरीचं दुकान आहे, नवराबायको मिळून चालवतात. पूर्वी तो डोक्यावर लिंबू-सरबताची घागर घेऊन पहिल्या दरवाज्यापर्यंत चढायचा आणि तिथं बसून विकायचा. मग शेतात ट्रॅक्टर उलटला आणि पाय गेला. बढाईखोर माणूस, आपा. पाय गेल्याची गोष्टसुद्धा अशी सांगतो की ट्रॅक्टरचंच जास्त नुकसान झालं असं वाटावं. त्याला आम्ही पाय दिला, मोजा दिला, आणि आठवड्यातून एकदा मी जाऊन त्याला प्रश्न विचारायचे असं ठरलं. मी विचारायचो, टोचतं का, घासतं का, आत ओलं लागतं का. तो गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायचा, "लय झ्याक हाय, युनूसभाऊ. पाय माजा का तुमचा त्येच कळंना." आणि भज्यांची बशी पुढे सरकवायचा. मी भजी खाऊन परत यायचो. (तेलाचा हात त्याचा सढळ आहे, मला दोन दिवस आंबट ढेकर यायचे.) तो पुन्हा दरवाज्यापर्यंत चढायला लागला होता. घागर नाही, नुसता जायचा, बसायचा, यायचा. विहंगसर म्हणायचे, आता सांगा काका, माणूस खरा की यंत्र? आणि आपा, मी, जो सूर्य उगवला तरी आधी ढग बघतो, त्या मी आयुष्यात पहिल्यांदा एक चांगली बातमी खरी मानली. घरी येऊन शहिस्ताला सांगितलं की मी चुकलो, मोजा चांगला आहे. तिनं माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

मग विहंगसरांनी ठरवलं की महिपती गड चढतोय असं चित्रीकरण करायचं आणि ते सगळ्या डॉक्टरांना पाठवायचं. आम्ही मुद्दाम गर्दी नसलेला वार धरला. धुकं असं होतं की पुढची पायरी पायाला लागल्यावरच कळायची. महिपती नवा सदरा घालून पुढे, विहंगसर फोन धरून त्याच्यापुढे उलटे चालत, आणि मी मागे, काय काय वाईट होऊ शकतं त्याची मनात उजळणी करत. वर सगळं ठीक झालं. महिपती दरवाज्यात बसला, टोपी सारखी केली आणि खालची सगळी गावं नावं घेऊन दाखवली (दिसत एकही नव्हतं). उतरताना एका शेवाळलेल्या पायरीवर माझा पाय गेला. मी केलेल्या उजळणीत हे एकच नव्हतं.

घोटा डोळ्यांदेखत सुजला. पाय टेकवेना. विहंगसर म्हणाले, खाली जाऊन माणसं घेऊन येतो. तर महिपती माझ्यापुढे पाठ करून बसला आणि म्हणाला, "चढा." मी नाही म्हटलं. माझं वजन तुला ठाऊक आहे, माझ्या वरातीत घोडा बदलावा लागला होता. पण तो काही ऐकणाऱ्यातला नव्हे. त्यानं मला पाठीवर घेतलं आणि उतरायला लागला, आणि विहंगसरांना राहवेना, त्यांनी फोन पुन्हा वर केला. एका पायाचा माणूस दोन पायांच्या माणसाला घेऊन गड उतरतोय, यापेक्षा मोठी जाहिरात कुठली? मी त्याच्या मानेला धरून बसलो होतो आणि मला त्याचा श्वास ऐकू येत होता. दर पायरीला तो दात आवळून एक बारीक आवाज काढत होता. मला वाटलं माझ्या वजनानं.

खाली दुकानात त्यानं मला बाकावर ठेवलं आणि स्वतः भज्यांच्या कढईमागे जाऊन उभा राहिला, दोन्ही हात फळीवर टेकवून. त्याच्या बायकोनं चहा ठेवला. मग तिनं जमिनीकडे पाहिलं, हातातली गाळणी खाली ठेवली आणि त्याच्या पायाशी बसली. नकली पायाच्या सांध्यातून रक्त गळत होतं. तो नको नको म्हणत होता, तिनं पट्टे सोडले, पाय काढला. मोजा काढावा लागला तो सोलूनच. आपा, आत जे होतं त्याचं वर्णन मी करणार नाही. एवढंच सांगतो की ते त्या दिवसाचं नव्हतं, फार दिवसांचं होतं. मोजा आतून मधासारखा झाला होता, अगदी यंत्रानं सांगितलं होतं तसा, आणि ते पाहून मला मी बरोबर होतो याचा जरासुद्धा आनंद झाला नाही. विहंगसरांचा फोन चालूच होता. त्यात पुढे नुसता चिखल दिसत होता आणि त्यांचं रडणं ऐकू येत होतं. ते त्यांनी नंतर सगळं पुसून टाकलं, गडासकट.

त्यांच्याच गाडीतून आम्हांला तळेगावच्या दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवर मी आणि महिपती, दोघांत मिळून धड पाय दोन. मला प्लास्टर घालून मोकळं केलं, त्याला ठेवून घेतलं. हाडापर्यंत गेलं नाही, थोडक्यात वाचला असं डॉक्टर म्हणाल्या, पण कातडी भरून येईपर्यंत कित्येक महिने नकली पाय चढवायचा नाही. बाहेर त्याची बायको बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं की वहिनी, मी दर खेपेला विचारत होतो हो. तिनं वर पाहिलं आणि म्हणाली, "इचारलं. बघितलं कुटं? मला तर त्यो हात लावू देत नव्हता, आंगुळ बी दार लावून करायचा. तुमी सायब, तुमाला दावलं असतं." मग बराच वेळ ती स्वतःलाच शिव्या देत राहिली, नवऱ्याला दिल्या, ट्रॅक्टरला दिल्या. मला दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी कुबड्या टेकत महिपतीला भेटायला गेलो. नकली पाय त्यानं पलंगाच्या दांडीला पंच्यानं बांधून ठेवला होता. नर्सबाईंनी दोनदा सोडून कपाटात ठेवला, यानं दोनदा परत बांधून घेतला. मी म्हटलं, महिपती, सांगितलं का नाहीस? तो खिडकीकडे बघत बोलला. "सांगितलं असतं तर पाय न्हेला असता तुमी." मी म्हटलं, नेला असता, दुसरा आणून दिला असता. तो म्हणाला, "आसं समदेच म्हंत्यात, भाऊ. वर दरवाज्यात जाऊन बसलतो मी. पुना कोन न्हेनार मला तितं?" मी उसासा टाकला, आणि त्यानंही टाकला, आणि आम्ही नर्सबाई हाकलेपर्यंत तसेच बसलो. निघताना मी त्याला सांगितलं की हा पाय तुझा आहे, कोणी सोडवून नेणार नाही. त्यानं पंच्याची गाठ तपासून पाहिली.

विहंगसरांनी सध्या सगळं थांबवलंय. ते काल घरी आले होते, माझे जुने आलेख मांडीवर घेऊन बसले आणि पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिले. घामातही रबराची बाजू टिकवेल असं मिश्रण नव्यानं करायचं म्हणतात. जमेल का, मला विचारलं. मी म्हटलं, मला वाटत नाही. ते म्हणाले, म्हणूनच विचारलं, तुम्ही मोजा, मी करतो. असं आमचं चाललंय. लोणावळ्याला जायचं ते प्लास्टर निघाल्यावर.

बाकी इकडे बरं आहे, म्हणजे जितकं माझ्याकडे बरं असू शकतं तितकं. दुल्हाभाईंना पुन्हा सलाम. माझ्या हातून लिहिताना कमीजास्त झालं असेल तर धाकटा समजून पोटात घाल.

तुझा भाऊ,
युनूस

ता.क. शहिस्ताबरोबर चिक्की पाठवली आहे, तिळाची. दाढेच्या बाजूनं चावू नकोस.

ता.क. दुसरा. आपा, इथून पुढे मोठ्यानं वाचू नकोस. मनात वाच. आलेलं पत्र तू जेवण झालं की दुल्हाभाईंना वाचून दाखवतेस हे मला माहीत आहे, आणि ईदला मी यंत्राबद्दल बोलायला लागल्यावर ते बसल्या जागी घोरायला लागले होते हेही आठवतंय. म्हणून यंत्र, रबर, मध, मालगाडी, सगळं एवढं पाल्हाळ लावून लिहिलं. आता झोपले असतील. नसतील तर चहाच्या निमित्तानं ऊठ आणि ओट्यापाशी उभी राहून वाच.

साखरेपायी त्यांचा पाय गेला, तेव्हा तू म्हणालीस म्हणून मी त्यांना आमचाच मोजा आणून दिला. तो त्याच मिश्रणाचा आहे. लोकांना दिलेले सगळे मोजे विहंगसरांनी परत मागवले आणि सगळे आले, हा एक सोडून. मी फोन केला होता. दुल्हाभाईंनीच उचलला, एकदम फस्क्लास आहे म्हणाले आणि ठेवला. पुन्हा केला, पुन्हा फस्क्लास. महिपतीला निदान दुखत तरी होतं. साखर असलेल्या माणसाला जखम झालेली कळतच नाही, असं त्या डॉक्टरांनी मला दोनदा सांगितलं. मी स्वतः आलो असतो, पण तुमचा जिना या प्लास्टरला झेपत नाही. आणि तुला फोनवर सांगितलं असतं तर तू त्यांना विचारलं असतंस, आणि ते काय म्हणाले असते ते आपल्या दोघांनाही ठाऊक आहे.

तेव्हा विचारू नकोस. झोपेत आहेत तोवर चादर बाजूला कर, नकली पाय चढवलेला असला तर आधी पट्टे सोड, मोजा खाली ओढ आणि उजेडात बघ. वास घे. शहिस्ताला सगळं माहीत आहे; समोर बसून चिक्की खातेय ती उगाच. रिक्षा तिनं कोपऱ्यावर थांबवून ठेवली आहे आणि दवाखान्यात मी सांगून ठेवलंय. जागे होऊन ओरडले तर माझं नाव सांग, माझ्यावर ओरडायची त्यांना सवय आहे.

ता.क. तिसरा. आणि आत काहीच निघालं नाही, कातडी धड असली, तर लगेच मला फोन कर आणि युनूस, तू जन्माचा रडका आहेस असं म्हणून पोटभर हास. दुल्हाभाईंनाही हसायला सांग. मी फोन मांडीवर घेऊन बसलोय.